आधी कागदावर, मग पडद्यावर

वाचकांचं पत्र

सर, नमस्कार. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी फिजिक्स शिकवते. मागच्या वर्षी आमच्याकडे स्मार्ट बोर्ड आला. बारावीचा ‘ड्युअल नेचर’चा (प्रकाश आणि इलेक्ट्रॉन लहरीसारखेही वागतात आणि कणासारखेही, हे सांगणारा) धडा नुसत्या खडू-फळ्यानं पोरांच्या डोक्यावरून जातो, म्हणून सुट्टीत बसून मी ॲनिमेशन्स जमवली. फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं (प्रकाशानं धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर निघण्याचं) सिम्युलेशन, दोन फटींतून जाणारे इलेक्ट्रॉन, टनेलिंग (इलेक्ट्रॉननं ऊर्जेची भिंत पार करणं), हायड्रोजनचा अणू, सगळं दोन तासांत दाखवलं. वर्ग खूश. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुलंही टक लावून बघत होती. मग युनिट टेस्ट झाली. प्रश्न साधा होता: सोडियमवर लाल प्रकाश पाडला, एकही इलेक्ट्रॉन निघाला नाही, आता प्रकाशाची तीव्रता दुप्पट केली तर काय होईल? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, इलेक्ट्रॉन निघू लागतील. असं होत नाही, हे त्यांनीच बोर्डवर पाहिलं होतं! पेपर वाटताना एकानं विचारलं, ‘मॅडम, ते बोर्डवरचं खरं होतं की कार्टून?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. सहकारी म्हणतात, हे नाटक बंद करा आणि सीईटीचे एमसीक्यू सोडवून घ्या. प्राचार्य म्हणतात, बोर्ड आलाय तर वापरलाच पाहिजे. मी काय करू?

— एक शिक्षिका

मॅडम, नमस्कार.

तुमच्या सहकाऱ्यांचं ऐकू नका. प्राचार्यांचंही अर्धंच ऐका. बोर्ड वापरायचाच, पण जमवलेल्यातलं नव्वद टक्के बाजूला ठेवून.

पोरांनी ते पडद्यावर पाहिलं आणि तरी चुकीचं लिहिलं, याचं तुम्हाला नवल वाटलंय. मला वाटत नाही. डोक्यात आधीपासून एक समजूत पक्की असते: जास्त प्रकाश म्हणजे जास्त जोर, आणि जास्त जोर लावला की काहीतरी हलणारच. ही समजूत मूर्खपणाची नाही. एकोणिसाव्या शतकातलं लहरींचं भौतिकशास्त्र हेच सांगत होतं. तिला धक्का न लावता वर चित्र चिकटवलं की चित्र गळून पडतं आणि समजूत राहते. म्हणून चित्र दाखवण्याआधी ती समजूत मुलाच्या स्वतःच्या अक्षरात कागदावर उतरली पाहिजे. काय होईल ते लिहून दिलेला मुलगा पडद्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. त्याला स्वतःचं बरोबर येतंय का, ते बघायचं असतं.

आता हे वर्गात कसं करायचं ते जरा तपशिलात सांगतो, कारण सगळी गोम तपशिलातच आहे.

तुम्ही वापरलेलं सिम्युलेशन बहुधा फेटचं (PhET) असावं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातला हा प्रकल्प. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांना २००१ चं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी हा सुरू केला, त्या पारितोषिकाच्या रकमेतलाही काही भाग घालून. पडद्यावर दिसते निर्वात नळी, आत धातूच्या दोन पट्ट्या, वर दिवा, खाली बॅटरी. दिवा सोडियमवर रोखा, तरंगलांबी ७०० नॅनोमीटरला न्या आणि तीव्रता शून्यावर ठेवा. इथे थांबा. वहीचं अर्धं पान फाडायला सांगा. ‘तीव्रता शंभर टक्के केली तर?’ प्रत्येकानं एक ओळ लिहायची, शेजाऱ्याचं न बघता. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडायचं. ही भांडणाची पद्धत हार्वर्डच्या एरिक मेझर यांनी नव्वदच्या दशकात नावारूपाला आणली, पण आपल्याकडे कुठल्याही वर्गात त्यासाठी मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. लिहायचं मराठीत, हे आवर्जून सांगा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या पोरांना अकरावीत सगळं इंग्रजीत येतं आणि ती पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवून देतात. इंग्रजीतलं बरोबर वाक्य वाचून त्यांना काय कळलंय याचा पत्ता लागत नाही. मराठीत लिहिलं की लगेच लागतो.

मग स्लायडर सरकवा. शंभर टक्के तीव्रता, पडद्यावर लाल झोत, आणि काहीही नाही. लगेच बोलू नका. मागून कुणीतरी म्हणेलच, ‘मॅडम, बॅटरी लावा ना!’ याच वाक्याची वाट बघत थांबायचं. पोरांच्या मनात बॅटरी ही इलेक्ट्रॉन ओढून काढणारी वस्तू असते. पुन्हा कागद, पुन्हा एक ओळ. बॅटरी ८ व्होल्टला न्या. तरीही काही नाही. या शांततेत जे शिकणं होतं ते तुमच्या कुठल्याही वाक्यानं होणार नाही, म्हणून तिथे वाक्य घालू नका.

आता तीव्रता अगदी कमी करा, पाच टक्के ठेवा, बॅटरी शून्यावर आणा आणि रंग हळूहळू निळ्याकडे सरकवा. साधारण ५४० नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्यातच, एखादा इलेक्ट्रॉन रेंगाळत निघेल. ४०० ला गेलात की जोरात निघतील. आता गणित करा, तोंडीच: १२४० भागिले नॅनोमीटर केलं की फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका पुंजाची, ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात मिळते. लाल ७०० चा फोटॉन १.८ च्या आतबाहेर. जांभळा ४०० चा ३.१. सोडियमला सुटायला लागतात सुमारे २.३. १.८ वाले फोटॉन लाखांनी आले तरी दोघांनी मिळून एका इलेक्ट्रॉनला सोडवायचं, असा कारभार इथे नसतो. ३.१ मधून २.३ गेले, ०.८ उरले, म्हणून ०.८ व्होल्ट उलटे लावले की प्रवाह बंद. हे करून दाखवा. प्रवाह शून्य होतो तो क्षण पोरांनी स्वतः काढलेल्या आकड्यावर आला की वर्गात आवाज होतो. तो होऊ द्या.

एक बारीक खोच इथे आहे, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तीव्रता तीच ठेवून तुम्ही लालाकडून जांभळ्याकडे गेलात, तर एकूण ऊर्जा तीच राहते पण प्रत्येक फोटॉन महाग होतो, म्हणून फोटॉनची संख्या कमी होते. हुशार मुलगा विचारतो, ‘मग प्रवाह का कमी झाला?’ त्याला गप्प करू नका. त्या सिम्युलेशनच्या पर्यायांमध्ये तीव्रतेऐवजी फोटॉनची संख्या ताब्यात ठेवायची सोय आहे. ती लावून दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दाखवा. धड्यातल्या निम्म्या फसव्या एमसीक्यूंची चावी इथे आहे.

दुसऱ्या तासाला एकच गोष्ट: प्रवाह आणि व्होल्टेज यांचा आलेख. दाखवण्याआधी काढायला सांगा. माझी खात्री आहे, बरेचजण आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेष काढतील. ओहमचा नियम (व्होल्टेज वाढेल तसा प्रवाह वाढतो) शाळेपासून हाडीमाशी मुरलेला आहे, व्होल्टेज आणि करंट ही नावं शेजारी दिसली की हात आपोआप रेष ओढतो. हे फक्त आपल्या पोरांचं नाही. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट यांच्या गटानं १९९६ मध्ये नेमकी हीच चूक तिथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमध्ये नोंदवली, आणि त्यावर संगणकावरचा पाठ तयार केला. तेव्हा रेष ओढणाऱ्या मुलाला हसू देऊ नका. खरा आलेख एका उंचीला जाऊन आडवा पडतो, कारण जितके इलेक्ट्रॉन निघाले तितके सगळे पोचल्यावर आणखी येणार कुठून? आणि शून्य व्होल्टेजलाही प्रवाह असतो. या दोन गोष्टी पोरांच्या तोंडून याव्यात.

कोलोरॅडोच्या त्याच गटानं २००९ मध्ये फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट शिकवण्यावर एक लेख लिहिला. सिम्युलेशन, वर्गातले प्रश्न आणि गृहपाठ असं एकत्र दिल्यावर काय होईल हे विद्यार्थी पूर्वीपेक्षा चांगलं सांगू लागले. पण या निरीक्षणांवरून प्रकाश पुंजांनी येतो असं का मानायचं, हा दुवा जोडणं त्यांनाही जडच गेलं. म्हणून शेवटी एक प्रश्न लिहायला द्या: ‘प्रकाश फक्त लहर असता तर आज बोर्डवर काय वेगळं दिसलं असतं?’ उत्तरं वेडीवाकडी येतील. पण हाच प्रश्न धड्याचा गाभा आहे, आणि तुमच्या संग्रहातली कुठलीही चित्रफीत तो विचारत नाही.

आता त्या मुलाचं. खरं की कार्टून?

त्याला सांगा, कार्टूनच. आणि असा प्रश्न विचारल्याबद्दल शाबासकी द्या, कारण तो वर्गातला सगळ्यात शास्त्रीय प्रश्न होता. सिम्युलेशनमध्ये जे घातलं तेच बाहेर येतं. प्रोग्रामरनं आइन्स्टाइनचं समीकरण घातलंय, म्हणून आइन्स्टाइनच बरोबर ठरणार. त्यानं काही सिद्ध होत नाही. सिद्ध झालं ते प्रयोगशाळेत: आइन्स्टाइननं १९०५ मध्ये मांडलं, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांना ते पटत नव्हतं, कित्येक वर्षं खपून त्यांनी मोजमापं केली आणि १९१६ मध्ये प्रकाशाची वारंवारता आणि प्रवाह बंद करणारा उलटा व्होल्टेज यांचा आलेख आला तो आइन्स्टाइन म्हणतो तसाच सरळ, उतारातून प्लँकचा स्थिरांकही मिळाला. न पटणाऱ्या माणसाच्या हातून पुरावा निघाला, ही गोष्ट बारावीच्या पोरांना फार आवडते.

पण गोष्टीवर भागवू नका, खरी वस्तू हातात द्या. प्रयोगशाळेत फोटोसेलचा संच धड चालू असेल तर उत्तमच. नसेल, तर दोन एलईडी आणि एक मल्टिमीटर पुरतो. एलईडी दिवा म्हणून सगळ्यांना माहीत असतो, पण तो प्रकाश ओळखतोही. लाल एलईडीचे दोन पाय मल्टिमीटरच्या दोन पिनांना जोडा, मीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि बाहेरचा उजेड लागू नये म्हणून एलईडीवर काळ्या कागदाची नळी चढवा. नळीच्या दुसऱ्या तोंडाशी निळा एलईडी पेटवून धरा, त्याला रेझिस्टर लावायला विसरू नका. मीटरवर आकडा चढतो. आता अदलाबदल करा: निळा मीटरला, लाल पेटवलेला. आकडा जागचा हलत नाही. पोरं म्हणतील, लाल मंद आहे. म्हणू देत. मग लाल लेझर पॉइंटर काढा. इतका प्रखर झोत निळ्या एलईडीवर पडतो आणि मीटर ढिम्म! तोच पॉइंटर कुणाच्या डोळ्याकडे जाणार नाही एवढी काळजी घ्या, आणि तो तुमच्याच हातात ठेवा.

अर्थात, हा पुस्तकातला फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट नव्हे. इथे इलेक्ट्रॉन पदार्थाच्या बाहेर पडत नाही, आतल्या आत वरच्या पट्ट्यात जातो. शेवटच्या सेमीकंडक्टरच्या धड्यात ते येईलच. पण एका फोटॉननं एकरकमी पुरेशी ऊर्जा दिली तरच काम होतं, हा नियम तोच. हे मुलांना साफ सांगा. नाहीतर एक कार्टून काढून दुसरं बसवल्यासारखं होईल.

जस्ताची पट्टी आणि इलेक्ट्रोस्कोपचा (विद्युतभार ओळखणाऱ्या उपकरणाचा) जुना प्रयोग तुम्हाला कुणी सुचवील. तो सुंदर आहे, पण जस्ताला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे २९० नॅनोमीटरच्या आतलं अतिनील. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्यानं काही होत नाही, आणि ज्या जंतुनाशक दिव्यानं होतं तो डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो. उघड्यावर भरल्या वर्गात तो पेटवू नका.

दोन फटींच्या चित्रफितीबद्दल जरा कडक बोलतो. दोन फटींतून गेलेले इलेक्ट्रॉन पलीकडच्या पडद्यावर लहरींसारखे पट्टे पाडतात, ते त्यात दाखवायचं असतं. या विषयावरची बहुतेक ॲनिमेशन्स एक छोटा चेंडू उडवतात, मग फटीशेजारी एक मोठा डोळा काढतात, डोळा उघडला की पट्टे जातात आणि चेंडू शहाण्यासारखा वागतो. दिसायला गोड आणि शिकवायला घातक. पोरं ठाम समजतात की माणसानं बघितलं म्हणून इलेक्ट्रॉन लाजला. बघणं म्हणजे इथे उपकरणाशी अशी गाठ पडणं की इलेक्ट्रॉन कुठून गेला याची खूण कुठेतरी उमटेल. माणूस घरी झोपलेला असला तरी फरक पडत नाही. ती चित्रफीत काढून टाका.

तिच्याऐवजी खरी नोंद दाखवा. जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एकेक इलेक्ट्रॉन सोडून पडद्यावरचे ठिपके टिपले. इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या साधारण चार दशांश, आणि ते इतके विरळ सोडलेले की यंत्रात एका वेळी दुसरा असण्याची शक्यता जवळपास नाहीच. म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना धक्के मारून पट्टे पाडतात, ही पळवाटही बंद. (तिथे फटी नव्हत्याच, विद्युतभारित बारीक तारेच्या दोन बाजू होत्या. पुस्तकातलं चित्र आणि खरं यंत्र यांत एवढं अंतर असतं, हेही पोरांना कळू द्या.) याची छायाचित्रं आणि चित्रफीत सहज मिळते.

ती चालू करा आणि दहाएक ठिपके पडल्यावर थांबवा. एकाला बोर्डजवळ बोलवा: पुढचा ठिपका कुठे पडेल, बोट ठेव. ठेवील. चालू करा, भलतीकडे पडेल. दुसऱ्याला बोलवा. कुणालाच जमणार नाही, तुम्हालाही नाही. दोनशे ठिपक्यांना पुन्हा थांबवा आणि विचारा, काही दिसतंय? अजूनही पसाराच. सहा हजारांच्या सुमाराला पट्ट्यांची चाहूल लागते, चाळीस हजारांना खात्री पटते, दीड लाखाच्या आसपास चित्र स्वच्छ. एकेक ठिपका कुठे पडेल ते सांगता येत नाही आणि गर्दी कुठे होईल ते अचूक सांगता येतं. ‘ड्युअल नेचर’ या नावाखाली पोरं घोकतात ते एवढंच आहे, आणि ते इथे डोळ्यांसमोर होतं. त्याच तासात लेझर पॉइंटरसमोर डोक्यावरचा एक केस धरून भिंतीवर पट्टे दाखवा. केस ७० मायक्रॉनचा असेल तर तीन मीटरवर पट्ट्यांमधलं अंतर पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास येतं, पट्टीनं मोजता येतं. प्रकाशाचे पट्टे आणि इलेक्ट्रॉनचे पट्टे एका तासात पाहिले की कणालाही तरंगलांबी असते असं सांगणारं डी ब्रॉयचं सूत्र आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही.

टनेलिंग बारावीला नको. अभ्यासक्रमात नाही, आणि बहुतेक चित्रांत ऊर्जेच्या रेषेवरच लहर काढलेली असते. भिंतीपलीकडे लहर बुटकी दिसते आणि विद्यार्थी समजतात की पलीकडे जाताना इलेक्ट्रॉनची ऊर्जा खर्च झाली. खर्च झालेली नसते, सापडण्याची शक्यता कमी झालेली असते. बीएस्सीच्या मुलांचाही हा गोंधळ सुटता सुटत नाही. हायड्रोजनचं ॲनिमेशन पुढच्या धड्यात येऊ द्या.

सीईटीचं म्हणाल, तर तुमच्या सहकाऱ्यांना त्या परीक्षेतले या धड्यावरचे प्रश्न काढून दाखवा. तीव्रता बदलली, स्टॉपिंग पोटेन्शिअलचं (प्रवाह बंद करणाऱ्या उलट्या व्होल्टेजचं) काय? धातू बदलला, आलेखाचा उतार बदलेल का? हेच तर वर्गात चाललंय. उलट शंभर एमसीक्यू घोटून घेतलेला मुलगा शब्द फिरवलेल्या एकशेएकाव्यावर अडकतो. तास मात्र जास्तीचे मागू नका, मिळणार नाहीत. तुम्ही दोन तासांत सगळं दाखवलंत, मी सांगतोय तेही तीन तासांत बसतं, आणि केसाच्या पट्ट्यांची मोजणी तर प्रॅक्टिकलच्या वेळात जाते.

प्राचार्यांसाठी अर्ध्या पानांचे ते कागद जपून ठेवा. आधीचा अंदाज आणि नंतरचं उत्तर एकाच कागदावर, तारखेसह. बोर्ड किती तास चालला याच्या नोंदवहीपेक्षा हा गठ्ठा भारी पडेल. प्रत्येक मुलाच्या हातात टॅब हवा, असंही कुणी सांगेल तर नको म्हणा. एक बोर्ड, एक स्लायडर आणि तो सरकवायला बोलावलेला एक मुलगा पुरतो. वाद सगळ्या वर्गानं घालायचा.

वीज आणि नेट यांचा भरवसा धरू नका. फेटची नवी सिम्युलेशन्स एकेका फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि नेटशिवाय चालतात, बरीचशी मराठीतही आहेत. पण काही जुनी सिम्युलेशन्स ‘जावा’ या संगणकभाषेत बनवलेली आहेत आणि कुठल्याही यंत्रावर निमूट चालत नाहीत. तुमच्याकडची आवृत्ती कुठली ते बघा, आणि त्याच बोर्डवर, नेट बंद करून, आदल्या दिवशी एकदा चालवून बघा. तोनोमुरांची चित्रफीतही पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.

एलईडी घेताना इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पारदर्शक डोक्याचे मागा. रंगीत डोक्याचे घेतले तर ‘रंगीत प्लॅस्टिकनंच प्रकाश अडवला’ असं पोरं म्हणतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. पांढरा एलईडी अजिबात घेऊ नका, तो आतून निळाच असतो, वर पिवळा लेप दिलेला. आणि पारदर्शक एलईडी पेटवल्याशिवाय त्याचा रंग कळत नाही, तेव्हा दुकानातच पेटवून घ्या आणि लगेच लांब पायाला त्या त्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळा.